पहिला प्रयोग आणि पुनःप्रयोग : मुंबईतील वाद्यवृंद व वृंदगान मैफलींतील नव्या भारतीय रचना

प्रस्तावना :

संगीताच्या इतिहासात कलावंतांची चरित्रे, घराणी, राजाश्रय आणि संगीत रंगभूमी यांविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेचा, म्हणजेच एका संध्याकाळी कोणत्या रचनेच्या शेजारी कोणती रचना ठेवण्यात आली याचा, विचार फारसा झालेला नाही. वास्तविक कार्यक्रमपत्रिका हे इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. समाज कोणत्या कलाकृतींना अभिजात मानतो, नव्याला किती जागा देतो आणि ती जागा कोणत्या अटींवर देतो, हे तिच्यावरून समजते.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत बाख, मोझार्ट, बेथोवन यांच्या मान्यता पावलेल्या कृतींबरोबर एखादी नवी रचना सादर करण्याचा प्रघात आहे. मुंबई शहरात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून अशा मैफली होत आल्या आणि त्यांच्या आधारे काही भारतीय रचनाकारांनी रागसंगीत व वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. या रचनांना व्यासपीठ मिळाले, नामवंत कलावंत मिळाले, श्रोतेही मिळाले. असे असूनही त्यांपैकी बहुतेक रचना आज मराठी श्रोत्याच्या कानी नाहीत. असे का झाले, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील अभ्यासकाने मुंबईतील सिंफनीचा विचार कशासाठी करावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु समूहाने गाण्याची एक प्राचीन व सुव्यवस्थित परंपरा ज्या भूमीत नांदते, तीच ही भूमी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नर्सी याच जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. जुनी रचना सातशे वर्षे कशी टिकते याचे उत्तर या परंपरेजवळ आहे, तर नवी रचना एका संध्याकाळीत कशी संपते याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. या दोहोंना समोरासमोर ठेवल्यास संगीताच्या टिकाऊपणाची कारणे अधिक स्पष्ट होतात, असे वाटते.

संज्ञांचे स्पष्टीकरण :

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उच्चारला की गणेशोत्सवात किंवा जत्रेत होणारा हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. येथे हा शब्द त्या अर्थाने वापरलेला नाही. व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांसारखी तंतुवाद्ये, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांसारखी फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांचे कित्येक वादक एका संचालकाच्या नियंत्रणाखाली लिखित स्वरलिपीनुसार वादन करतात, त्यास येथे ‘वाद्यवृंद’ म्हटले आहे. वेगवेगळ्या उंचीच्या आवाजांचे गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात आणि त्यातून स्वरसंवाद निर्माण होतो, त्यास ‘वृंदगान’ म्हटले आहे. सर्वांनी मिळून एकच चाल गाणे आणि वृंदगान यांतील हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण भारतीय रचनाकारांची खरी अडचण याच ठिकाणी निर्माण झाली.

जुने आणि नवे यांची सांगड : युरोपीय पार्श्वभूमी :

मैफल म्हणजे जुन्या थोर कृतींचे दर्शन, ही कल्पना युरोपातही फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लाइपझिगसारख्या शहरातील सार्वजनिक मैफलींमध्ये प्रामुख्याने हयात रचनाकारांच्या कृती वाजत असत. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे बेथोवनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंदाबरोबर वृंदगानाचा समावेश असलेली ही कृती आज अभिजाततेचा मानदंड समजली जाते. पण त्या संध्याकाळी ती संपूर्णतः नवी होती आणि तिच्यासोबत त्याच रचनाकाराच्या अन्य अलीकडच्या कृती सादर झाल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात हळूहळू चित्र पालटले. शतकाच्या उत्तरार्धात मैफलींमध्ये दिवंगत रचनाकारांचे प्राबल्य झाले आणि नव्या कृतीला थोर कृतींच्या शेजारी, त्यांच्या आश्रयाने, जागा मिळू लागली.

या स्थित्यंतरातील एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या वृंदगानकृतीचा पहिला प्रयोग १७२७ मध्ये लाइपझिगच्या चर्चमध्ये झाला, असे अभ्यासक मानतात. १७५० मध्ये बाखचा मृत्यू झाल्यानंतर ती सार्वजनिक सादरीकरणातून जवळजवळ नाहीशी झाली. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिन येथे वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने तिचा पुनःप्रयोग केला आणि तेथून बाखच्या कीर्तीचे पुनरुज्जीवन झाले. हे शक्य होण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली, कृती कागदावर लिहिलेली होती. दुसरी, बर्लिनमध्ये ‘झिंगअकादमी’ नावाची नियमित सराव करणारी गायनसंस्था अस्तित्वात होती. केवळ कागद असता तर कृती कपाटात राहिली असती. केवळ संस्था असती तर गाण्यास कृती नसती. कलाकृतीला जन्म पहिल्या प्रयोगाने मिळतो, परंतु आयुष्य मिळते ते पुनःप्रयोगाने, हे या घटनेवरून दिसून येते. याच कसोटीवर मुंबईतील प्रयोग तपासून पाहता येतील.

मुंबईतील आरंभ : १९३४ ते १९५५ :

जर्मनीत नाझी सत्ता प्रस्थापित झाल्यानंतर अनेक ज्यू कलावंतांना मध्य युरोप सोडावा लागला. कार्ल्सबाड येथे जन्मलेले संगीतकार वॉल्टर काउफमान हे त्यांपैकी एक होत. १९३४ मध्ये ते मुंबईस आले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. या संस्थेच्या मैफलींत युरोपीय अभिजात कृतींबरोबर काउफमान यांच्या स्वतःच्या रचनाही सादर होत. त्यांनी भारतीय संगीताचा अभ्यास केला, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहिले आणि १९४६ मध्ये ते भारतातून गेले. पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले व भारतीय रागांविषयी ग्रंथ लिहिले.

याच काळात मुंबईतील पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ची स्थापना केली. सुप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र. या वाद्यवृंदाची घडण पाहण्यासारखी आहे. पारशी व ज्यू हौशी वादक, गोमंतकीय व्यावसायिक वादक, मुंबईत वास्तव्यास असलेले युरोपीय आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादक, अशा निरनिराळ्या स्तरांतील लोकांना एकत्र आणून तो उभा करण्यात आला होता. त्यामागे राजाश्रय नव्हता आणि कायमस्वरूपी वेतनाची व्यवस्थाही नव्हती. एका व्यक्तीच्या निष्ठेवर चाललेली संस्था ती व्यक्ती गेल्यावर क्षीण होते, हा नियम येथेही खरा ठरला. १९५५ मध्ये मेहली मेहता इंग्लंडमधील मँचेस्टर येथील हॅले वाद्यवृंदात गेले आणि मुंबईतील या कार्याचा आधार खचला.

या कालखंडातील कोणती नवी रचना आज शिल्लक आहे, असा प्रश्न विचारल्यास उत्तर मोठे मार्मिक मिळते. आकाशवाणीच्या सकाळच्या प्रसारणाच्या आरंभी वाजणारी संकेतधून सामान्यतः काउफमान यांच्या नावे सांगितली जाते आणि तिच्यातील व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजविले, असेही मानले जाते. तिच्यात शिवरंजनी रागाची छाया आहे. परभणी केंद्राच्या प्रसारणामुळे आमच्या भागातील खेडोपाडीही ही धून परिचित झाली. ज्यांनी सिंफनी हा शब्दही ऐकलेला नव्हता, अशा कित्येक पिढ्यांच्या शेतकऱ्यांना ती तोंडपाठ आहे. काउफमान यांच्या मोठ्या रचना मुंबईकर विसरले. काही सेकंदांची धून मात्र टिकली. कारण ती दररोज पहाटे पुन्हा वाजत राहिली. आकाशवाणी हीच तिची पुनःप्रयोगाची संस्था होती.

गोमंतकीय वादक आणि १९५८ चा प्रयोग :

मुंबईतील वाद्यवृंदाचा इतिहास गोमंतकीय वादकांखेरीज सांगता येत नाही. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना स्वरवाचन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. स्वरलिपी पाहताक्षणी वाचून वाजविण्याचे कौशल्य असलेला हा वर्ग उपजीविकेसाठी मुंबईस आला. प्रथम हॉटेलांतील नृत्यवाद्यवृंद आणि त्यानंतर हिंदी चित्रपटसृष्टी हे त्यांचे मुख्य आधार ठरले. संगीत दिग्दर्शक चाल बांधत. तिचे वाद्यवृंदासाठी लेखन करण्याचे काम बहुशः गोमंतकीय संयोजक करीत. श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख अनेकदा होत नसे. त्यांनी लिहिलेल्या स्वरलिपी ध्वनिमुद्रण झाले की निरुपयोगी समजल्या जात, आणि त्या जपून ठेवण्याची व्यवस्था स्टुडिओंकडे नव्हती. वाद्यवृंदासाठी लिहिलेले भारतीय संगीत त्या काळी प्रचंड प्रमाणात निर्माण झाले, पण ते लिखित वारसा म्हणून मागे राहिले नाही.

या वर्गातील अँथनी गोन्साल्विस यांनी वेगळी वाट धरली. गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले गोन्साल्विस तरुणपणी मुंबईस येऊन व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून प्रतिष्ठित झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले होते. चित्रपटातील कामाने त्यांचे समाधान होत नव्हते. रागसंगीताला वाद्यवृंदाच्या रूपात मांडावे, ही त्यांची आकांक्षा होती. १९५८ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभारून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे गायक म्हणून त्यात सहभागी झाले होते. सारंग रागावर आधारित कॉन्चेर्टो ही त्यांच्या रचनांपैकी एक होय.

सारंगाच्या उदाहरणावरून या कार्यातील तांत्रिक अडचण समजून घेता येते. पाश्चात्त्य स्वरसंवादाचा पाया तीन स्वरांच्या मेळावर आहे आणि षड्जावरचा मूळ मेळ सा, ग, प असा होतो. वृंदावनी सारंगात गांधार व धैवत वर्ज्य आहेत. म्हणजे घराचा उंबरठा असलेला हा पहिला मेळच रागाच्या मर्यादेत बसत नाही. गांधार घेतला तर राग भंगतो. न घेतला तर पाश्चात्त्य कानाला आधार सापडत नाही. पंचमावर किंवा कोमल निषादावर मेळ बांधता येतो, पण मग षड्जाचे स्थान डळमळते. राग हा एकामागून एक येणाऱ्या स्वरांच्या चलनातून उलगडतो, तर स्वरसंवाद एकाच क्षणी उमटणाऱ्या स्वरांतून आकारास येतो. हा केवळ वाद्ये बदलण्याचा प्रश्न नव्हता; संगीताच्या दोन व्याकरणांचा प्रश्न होता. तो एका मैफलीत सुटणारा नव्हता. पहिल्या प्रयोगात उणिवा दिसाव्यात, दुसऱ्यात त्या दुरुस्त व्हाव्यात, पुढील रचनाकाराने त्यावरून बोध घ्यावा, असा क्रम चालला असता तरच काही निष्पन्न झाले असते.

तो क्रम चालला नाही. वादक चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणावर जगणारे होते. वाद्यवृंदाचा सराव म्हणजे त्या दिवसाचे उत्पन्न गमावणे असे. आर्थिक भार पेलणारी संस्था पाठीशी नव्हती. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांनी माजोर्डा येथे निवृत्त जीवन व्यतीत केले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव गुंफले आणि ते नाव देशभर पोहोचले. नाव घराघरांत गेले, संगीत मात्र गेले नाही. येथेही तोच न्याय दिसतो. गाणे पुनःपुन्हा वाजले, कॉन्चेर्टो वाजला नाही.

याच सुमारास शासकीय पातळीवर एक समांतर प्रयत्न चालू होता, त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. १९५२ मध्ये दिल्ली येथे आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची स्थापना झाली. पंडित रविशंकर व त्यानंतर पंडित पन्नालाल घोष यांनी त्याचे संचालन केले. तेथे कायम वादक होते, वेतन होते आणि प्रसारणाची वेळही ठरलेली होती. गोन्साल्विस यांच्याजवळ नेमके हेच नव्हते. पुढे रविशंकर यांनी सतार व वाद्यवृंद यांसाठी कॉन्चेर्टो लिहिले. त्यांपैकी पहिला १९७१ मध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने, तर दुसरा १९८१ मध्ये झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने सादर केला. भारतीय रचनाकाराच्या या कृतींना प्रथम स्थैर्य लाभले ते भारताबाहेरील संस्थांमध्ये, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

वृंदगानाची वेगळी वाट :

वाद्यवृंदाच्या तुलनेत वृंदगानाचा मुंबईतील इतिहास अधिक आशादायी आहे. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेला ‘परंज्योती अकादमी कोरस’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९६७ मध्ये परंज्योती यांचे निधन झाल्यावर कुमी वाडिया यांनी संचालनाची सूत्रे हाती घेतली आणि पुढे अनेक दशके ती सांभाळली. संस्थापकाच्या मागे संस्था टिकली, ही आपल्याकडील कलासंस्थांच्या इतिहासात सहज आढळणारी गोष्ट नव्हे.

या वृंदाच्या मैफलींत युरोपातील धार्मिक व लौकिक वृंदगानाच्या थोर कृती आणि भारतीय भाषांतील गीतांची वृंदगानासाठी केलेली नवी मांडणी, दोन्ही एकत्र सादर होत. परदेशातील दौऱ्यांतही हा शिरस्ता पाळण्यात आला. परंज्योती यांची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना स्वरलिपीच्या रूपाने छापली गेली आणि परदेशातील कितीतरी वृंदांनी ती आपल्या कार्यक्रमात घेतली. मुंबईत निर्माण झालेल्या नव्या रचनेला असे भाग्य क्वचितच लाभले. त्याची कारणे शोधू गेल्यास ती सरळ आहेत. वृंदगानाला महागडी वाद्ये लागत नाहीत. गायक हौशी असल्यामुळे सरावासाठी रोजगार बुडविण्याचा प्रश्न येत नाही. सरावाचे ठरलेले दिवस असतात. नवी रचना त्या सरावात वर्षानुवर्षे राहते, जुने गायक गेले तरी नव्या गायकांच्या मुखी येते.

वनराज भाटिया यांचे उदाहरण या दोन वाटांच्या मध्ये उभे आहे. १९२७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या भाटिया यांनी लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये आणि त्यानंतर पॅरिस येथे नादिया बूलांझे यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. काही वर्षे दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकविले. मराठी व हिंदी रसिकांना ते परिचित आहेत ते ‘अंकुर’, ‘भूमिका’, ‘तमस’ यांच्या संगीतामुळे. त्यांनी पियानो, तंतुवाद्यवृंद व गायन यांसाठी गंभीर रचना सातत्याने केल्या. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावर आधारित ‘अग्निवर्षा’ या ऑपेराचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये सादर झाले, तेव्हा ते पंचाऐंशी वर्षांचे होते आणि ठिकाण न्यूयॉर्क होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. रचनाकाराजवळ सर्वोच्च शिक्षण व लिखित कृती असूनही स्वतःच्या शहरात त्या नियमित वाजविणारी संस्था दीर्घकाळ नसेल तर काय घडते, याचा हा पुरावा म्हणता येईल.

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आणि ‘पेशकार’ :

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ची स्थापना केली. खुश्रू सनटूक यांच्या पुढाकाराने आणि कझाकिस्तानचे व्हायोलिनवादक मारत बिसेनगालिएव्ह यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला. मेहली मेहता यांच्या काळी जे नव्हते ते येथे होते : हक्काचे सभागृह, आर्थिक पाठबळ आणि दरवर्षी ठरलेले हंगाम. उणीव राहिली ती वादकांची. आरंभी बहुसंख्य वादक परदेशातून आणावे लागले, कारण गोमंतकीय वादकांची ती जुनी फळी तोवर विरळ झाली होती. चित्रपटसृष्टीत विजेच्या यंत्रांवर ध्वनिनिर्मिती होऊ लागल्यापासून व्हायोलिनच्या शिक्षणाला पूर्वीसारखा रोजगाराचा आधार उरला नाही. त्यामुळेच संस्थेला मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणाची सोय करावी लागली.

सप्टेंबर २०१५ मध्ये या वाद्यवृंदाने उस्ताद झाकीर हुसेन यांची तबला व वाद्यवृंद यांसाठीची ‘पेशकार’ ही रचना मुंबईत प्रथम सादर केली. पेशकार हे एकल तबलावादनाच्या आरंभी येणाऱ्या विस्तारक्षम रचनेचे नाव होय. ठेक्याची ओळख राखून तालाचे अंग क्रमाने उलगडत नेणे हा तिचा स्वभाव. दोन परंपरांची ओळख करून देणाऱ्या कृतीला हे नाव समर्पक आहे. विशेष म्हणजे तबला हे स्वरसंवादाच्या पेचात न सापडणारे वाद्य असल्याने, सारंगाच्या संदर्भात पाहिलेली व्याकरणाची अडचण येथे बऱ्याच अंशी टळली. ही कृती एका संध्याकाळीत संपली नाही. ब्रिटन व अमेरिकेतील वाद्यवृंदांनी ती सादर केली, आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने युरोपीय अभिजात कृतींच्या जोडीने ती पुन्हा वाजविली.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि या रचनेपुढे नवा प्रश्न उभा राहिला. वाद्यवृंदाचा भाग कागदावर आहे. तबल्याच्या भागात मात्र उपजेला स्थान आहे, आणि उपज कागदावर उतरत नाही. ती गुरूकडून शिष्याकडे जाते. म्हणजे या एकाच कृतीच्या जतनासाठी दोन प्रकारच्या व्यवस्था लागतात : वाद्यवृंदासाठी लिखित स्वरलिपी व संस्था, आणि तबल्यासाठी गुरुशिष्यपरंपरा. पुढील पिढीतील तबलावादक ती हाती घेतील तेव्हाच ‘पेशकार’ ही एका थोर कलावंताची आठवण न राहता खऱ्या अर्थाने कृती ठरेल.

नर्सीच्या बाजूने पाहता :

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गावोगावी होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, दिवसा पारायण व गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर असा क्रम असतो. विणेकरी मध्ये उभा, पखवाजाची साथ, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा आणि धृपद उचलून धरणारा समूह, ही रचना सर्वांच्या परिचयाची आहे. येथे स्वरसंवाद नाही; सर्वांची चाल एकच. तथापि नेमून दिलेली स्थाने, ठरलेला क्रम, एका अग्रणीच्या इशाऱ्यावर चालणारा समूह आणि वर्षातील ठरलेले दिवस, या दृष्टीने ती एक सुसंघटित संस्था आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने या परंपरेस औपचारिक शिक्षणाची जोडही दिली.

जुने व नवे यांची सांगड येथेही आहे. अभंग संतांचा, निरूपण कीर्तनकाराचे; शब्द जुने, चाल कधी परंपरागत तर कधी नवी. अलीकडे चित्रपटगीतांच्या चाली भजनात शिरल्याबद्दल जाणकार नाराजी व्यक्त करतात. त्या नाराजीत तथ्य आहे, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. कोणती नवी चाल राहील आणि कोणती गळून पडेल, याचा निवाडा येथे पहिल्या दिवशी होत नाही. पुढील एकादशीला, पुढील वर्षीच्या सप्ताहात समूह ती पुन्हा उचलतो की नाही, यावर तो अवलंबून असतो. गाणारे आणि ऐकणारे यांच्यात भिंत नसल्यामुळे हा निवाडा समूहच करतो. मुंबईच्या मैफलीत नव्या रचनेला टाळ्या मिळत. दुसरी संधी मात्र मिळत नसे. त्यामुळे ती चांगली होती की सामान्य, हे ठरविण्याचा अवसरच इतिहासाला मिळाला नाही.

अर्थात या तुलनेला मर्यादा आहेत. वारकरी परंपरेतही अनेक जुन्या चाली लोपल्या आहेत. ध्वनिक्षेपकाच्या आगमनानंतर समूहाचा आवाज मागे पडून एका गायकाचा आवाज पुढे आला आहे. लेखनाची परंपरा शब्दांपुरती आहे, स्वरांपुरती नाही. पलुस्कर व भातखंडे यांनी स्वरलेखनाच्या पद्धती सिद्ध करून शतक उलटले, तरी काकड्याच्या व भारुडाच्या स्थानिक चालींचे लेखन महाविद्यालयीन स्तरावर अभावानेच झाले आहे. ज्या वृद्ध भजनकऱ्यांच्या कंठात त्या आहेत, त्यांच्याबरोबर त्या जाणार, हे उघड आहे. गोन्साल्विस यांच्या कॉन्चेर्टोजवळ कागद होता, पण समूह नव्हता. आपल्या भजनी मंडळांजवळ समूह आहे, पण कागद नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईतील वाद्यवृंद व वृंदगान मैफलींनी अभिजात युरोपीय कृतींच्या सोबत नव्या भारतीय रचनांना स्थान दिले. परंतु ही सोबत नव्या रचनेला प्रवेश मिळवून देणारी होती, आयुष्य देणारी नव्हती.

२. नवी रचना टिकण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : स्वरांचे लेखन, नियमित सराव करणारा कायम समूह आणि पुनःप्रयोगाचे ठरलेले दिवस. परंज्योती कोरसजवळ तिन्ही होत्या, म्हणून त्याची रचना देशाबाहेर पोहोचली. १९५८ च्या प्रयोगाजवळ पहिलीच होती.

३. रचनाकाराच्या प्रतिभेइतकेच वादकांच्या उपजीविकेचे स्वरूप संगीताचा इतिहास घडविते. गोमंतकीय वादकांना चित्रपटसृष्टीने जगविले, आणि त्याच कारणाने त्यांच्या स्वतंत्र वाद्यवृंदाला सरावाचा वेळ मिळाला नाही.

४. वारकरी परंपरेतील पुनरावृत्तीची व्यवस्था ही केवळ भक्तीची बाब नसून कलाकृती जतन करण्याची एक प्रभावी सामाजिक पद्धती आहे.

या निष्कर्षांचा आपल्या कार्यक्षेत्राशी निकटचा संबंध आहे. प्रत्येक महाविद्यालयात स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी एखादे स्वागतगीत किंवा समूहगीत नव्याने बसविले जाते आणि कार्यक्रम संपताच ते विसरले जाते. त्यांपैकी चांगले गीत पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा गाऊन घेणे आणि त्याचे स्वरलेखन ग्रंथालयात ठेवणे यास खर्च येत नाही. त्याचप्रमाणे इतिहास, मराठी व संगीत या विभागांनी एकत्र येऊन नर्सी, औंढा व परिसरातील भजनी मंडळांच्या पारंपरिक चालींचे ध्वनिमुद्रण व स्वरलेखन हाती घेतल्यास, ज्यांच्याजवळ समूह आहे त्यांना कागदाची जोड मिळेल. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येणार नाही, कारण तोवर गाणारे कंठ उरणार नाहीत.